मांजराच्या पंजावरील अवयवरक्षक शस्त्रक्रिया : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
मांजर हा बोटांवर चालणारा प्राणी आहे. जमिनीस टेकणाऱ्या प्रत्येक बोटाखाली एक लहान आणि पंजाच्या मध्यभागी एक मोठी गादी असते. जाड त्वचा व चरबी यांनी बनलेल्या या गाद्या शरीराचा भार पेलतात. अपघातात पंजा चिरडल्यास संपूर्ण पाय काढून टाकणे हा रूढ उपाय होय. बहुतेक मांजरे तीन पायांवर चांगल्या प्रकारे वावरतात. परंतु दुसरा पायही अधू असेल, तर पंजा वाचविणे अगत्याचे ठरते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप :
पंजा वाचविताना केवळ हाडे जुळवून भागत नाही. मोठी गादी नष्ट झाली असल्यास तिच्या जागी अन्य भागाची त्वचा लावता येते. मात्र ती घर्षणाने झिजते व तेथे व्रण होतात. म्हणून एका बोटातील हाडे काढून त्याची गादी रक्तवाहिन्यांसह मोठ्या गादीच्या जागी बसविली जाते. अशा रीतीने एका बोटाच्या मोबदल्यात पाऊल टिकते.

बोटावर गाठ असल्यास मात्र सावधगिरी आवश्यक आहे. मांजरांमध्ये अशी गाठ पुष्कळदा फुफ्फुसातील कर्करोगाचा प्रसार असते. त्यामुळे बोट काढण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र घेणे इष्ट ठरते.

ऑस्करचे उदाहरण :
2009 मध्ये जर्सी बेटावर ऑस्कर नावाच्या बोक्याचे मागचे दोन्ही पंजे पीक-कापणी यंत्रात तुटले. येथे तीन पायांचा पर्यायच उरला नव्हता. इंग्लंडमधील सरे परगण्यात पशुशल्यचिकित्सक नोएल फिट्झपॅट्रिक यांनी त्याच्या घोट्याच्या हाडांत धातूचे खुंट रोवून त्यांवर कृत्रिम पंजे बसविले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे विकसित झालेल्या या पद्धतीची प्रेरणा हरणाच्या शिंगांपासून घेतलेली आहे. शिंगाचे हाड त्वचेतून बाहेर येते, तरीही तेथे जंतुसंसर्ग होत नाही. त्याच धर्तीवर खुंटाच्या सच्छिद्र भागात त्वचेच्या ऊती वाढून जंतूंची वाट रोखली जावी, अशी ही योजना आहे.

निष्कर्ष :
अवयवरक्षणाचे यश हाडापेक्षा त्वचेवर अधिक अवलंबून असते. दीर्घकाळ बंदिस्त राहणे, वारंवार मलमपट्टी व संसर्गाचा धोका हे त्याचे मोल असून ते मांजरालाच चुकवावे लागते. त्याची संमती घेता येत नाही. म्हणूनच पाय वाचविणे शक्य आहे काय, या प्रश्नाइतकाच ते त्या प्राण्याच्या हिताचे आहे काय, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.