नदी जाणणारा वाटाड्या
उज्जैनच्या राम घाटावर यात्रेकरूंना विधी सांगणारे उपाध्याय भेटतात; मासा कोठे मिळेल हे दाखविणाऱ्या वाटाड्याचा व्यवसाय निराळा. पिसे व दोरा गुंडाळून किड्यासारखा केलेला हलका गळ फेकणे सरावाने साधते. परंतु मासा कोणत्या खडकाआड विसावतो, हे नदीकाठी वर्षानुवर्षे वावरल्यावाचून उमगत नाही. कावेरीकाठी भीमेश्वरी येथे पूर्वी चोरून मासे मारणारे काही जण याच ज्ञानाच्या बळावर वाटाडे झाले. धरलेला मासा ओल्या हातांनी हाताळून जिवंत सोडणे, हाही वाटाड्याचा धर्मच. राम घाटाच्या क्षिप्रेला २०१४ पासून नर्मदेचे पाणी पुरविले जाते. त्या नर्मदेतील महसीर २०११ साली मध्यप्रदेशचा राज्यमत्स्य ठरला. तरी धरणांमुळे तो विरळ झाला आहे. मासाच उरला नाही, तर वाटाड्याने दाखवावे काय?