प्रश्न शेवटी येतो

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पाय', 'बाय' आणि 'माय' हे तीन शब्द म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. क, ख, ग, घ तर घशातल्या घशात राहतात, बाहेर काही दिसतच नाही. ओठ वाचून बोलणं ओळखायला शिकवलेल्या कर्णबधिर माणसापुढे दिवसभर हेच चालू असतं. थोडं दिसतं, उरलेलं अंदाजानं भरायचं. शाळेची दहा-बारा वर्षं या कसरतीत घालवून एखादा मुलगा विशी ओलांडतो, तेव्हा त्याच्यापुढे बँकेचा फॉर्म येतो, कारखान्यातली सुरक्षिततेची पाटी येते, पगाराच्या चिठ्ठीतली कपात येते. अक्षरं त्याला ओळखता येतात, पण ती अक्षरं मिळून काय सांगतायत हे कळत नाही.

आता हा तरुण बेंगळुरूतल्या बसवनगुडीच्या एखाद्या मराठी घरात आहे असं समजा. शहाजीराजांच्या जहागिरीपासून त्या शहरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या दिवसांत आकाराला आलेल्या बसवनगुडीतही ती आहेत. घरात मराठी, गांधी बझारच्या फुलवाल्यांशी कन्नड, नोकरीच्या अर्जावर इंग्रजी. ऐकू येणारं मूल या तिन्ही भाषा खेळता खेळता उचलतं. ऐकू न येणाऱ्याला त्या तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी हलणारे ओठ म्हणून भेटतात. त्यांतली एकही भाषा त्याच्यापर्यंत आपणहून पोचत नाही. आपणहून पोचते ती डोळ्यांना दिसणारी, हातांनी बोलली जाणारी भाषा, आणि तीच नेमकी घरात कुणाला येत नसते, कारण कर्णबधिर मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील ऐकणारे असतात.

मोठेपणी शिकू पाहणाऱ्या अशा माणसाला शिकवायचं कुणी, या प्रश्नाला आपल्याकडे एक उत्तर मुंबईत, वांद्रे रेक्लमेशनला मिळालं. ते पुरेसं वाढलं नाही, पण मला ते फार मोलाचं वाटतं. तिथे अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवण विषयातली राष्ट्रीय संस्था आहे. अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि 1976 साली पदावर असतानाच वारले. संस्था सुरू झाली 9 ऑगस्ट 1983 रोजी. पहिली कित्येक वर्षं तिची ओळख कानाची तपासणी, श्रवणयंत्रं, वाचा-उपचार आणि विशेष शिक्षकांचं प्रशिक्षण अशीच होती. त्याच इमारतीत 2001 साली इंडियन साइन लँग्वेज सेल उघडला. कर्णबधिर माणसांना तिथे त्यांच्याच भाषेचे शिक्षक म्हणून तयार करायला सुरुवात झाली. आजवर ज्यांच्यावर उपचार व्हायचे, तेच आता फळ्यासमोर उभे राहणार होते.

हे इतक्या उशिरा का घडलं, ते समजायला मागे जावं लागतं. 1880 साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि हातांच्या खुणांपेक्षा तोंडी बोलणं शिकवणंच श्रेष्ठ असा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्याच दशकात मुंबईत माझगावला भारतातली पहिली बहिऱ्यांची शाळा निघाली. कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांनी ती काढली. पुढे कोलकात्याला 1893 साली शाळा निघाली, मग गावोगाव मूकबधिर विद्यालयं आली. त्यांतल्या कित्येक शाळांत वर्गात हात वर केला तर तो खाली घ्यायला लावत. मुलं मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, संडासाच्या भिंतीआड हातांनी बोलत. एक अख्खी भाषा अशी मधल्या सुट्टीत वाढली. तिला कुणी भाषा म्हणत नव्हतं, आणि जे बोलत होते त्यांनाही ती भाषा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. 'मूकबधिर' हा आपल्या पाट्यांवरचा शब्दही त्याच काळाचा वारस आहे. ही माणसं मुकी नाहीत. दोन कर्णबधिर मैत्रिणी रेल्वेच्या डब्यात समोरासमोर बसल्या की दादर ते ठाणे त्यांचे हात थांबत नाहीत.

भाषा म्हणून तिची मोजदाद पहिल्यांदा नीट केली ती एका कर्णबधिर भारतीयानेच. मदन वसिष्ठ हिमाचलच्या एका खेड्यातले. अकराव्या वर्षी आजारपणात ऐकणं गेलं, शाळा सुटली आणि ते गुरं राखू लागले. तरुणपणी दिल्लीत कर्णबधिरांसाठी चालणाऱ्या छायाचित्रणाच्या वर्गात आले आणि तिथे पहिल्यांदा हातांनी बोलणाऱ्या माणसांत मिसळले. 1967 साली ते अमेरिकेतल्या गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या महाविद्यालयात पोचले. छायाचित्रण शिकायला निघालेला प्रौढ विद्यार्थी पुढे भाषेचा अभ्यासक झाला. जेम्स वुडवर्ड आणि सुझन डी सँटिस यांच्याबरोबर त्यांनी 1977 पासून भारतातल्या चार शहरांतली चिन्हं गोळा केली. दिल्लीचं पुस्तक 1980 साली आलं, बेंगळुरूचं 1985 साली, त्यापाठोपाठ मुंबईचं आणि कोलकात्याचं. शब्द शहरागणिक थोडेफार बदलतात, पण व्याकरण एकच आहे, असं त्यांना आढळलं. बसवनगुडीच्या एखाद्या कन्नड घरातला तरुण आणि वांद्र्याच्या मराठी घरातली तरुणी पहिल्यांदा भेटल्यावर काही चिन्हांवर अडखळतील, एकमेकांची चिन्हं विचारतील आणि अर्ध्या तासात गप्पांना लागतील. त्या दोघांचे ऐकणारे आईवडील मात्र मराठी-कन्नडच्या वेशीवर अडतील.

हे व्याकरण कसं चालतं ते सांगायलाच हवं, कारण प्रौढांच्या शिक्षणाची किल्ली त्यातच आहे. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो: 'नाव तुझं काय'. नकारही शेवटी येतो, सोबत मान हलते. प्रश्नाचं मूळ चिन्ह एकच. त्याआधी चेहऱ्याचं चिन्ह आलं की 'कोण', जागेचं आलं की 'कुठे', वेळेचं आलं की 'कधी'. 'हो की नाही' असा प्रश्न असेल तर शब्द न बदलता भुवया उंचावतात आणि मान किंचित पुढे येते. जर्मन भाषाशास्त्रज्ञ उल्रिके झेशान यांनी या व्याकरणावर मोठं काम केलं. ते पुस्तक 2000 साली आलं, आणि वांद्र्याच्या सेलच्या उभारणीतही त्यांचा हात होता.

आता मराठीकडे या. कर्णबधिर तरुणाच्या वहीत 'मी शाळा जातो' असं वाक्य सापडतं. ऐकणारा शिक्षक तांबड्या शाईने 'शाळेत' करतो आणि मुलगा पुढच्या पानावर पुन्हा 'शाळा' लिहितो. यात आळस नाही, बुद्धीची कमतरताही नाही. सांकेतिक भाषेत शाळेचं चिन्ह हवेत एका जागी ठेवतात आणि मग हात त्या जागेकडे जातो. 'त' हा प्रत्यय त्या जाण्यातच आलेला असतो. 'मी तुला देतो' म्हणताना देण्याचा हात माझ्याकडून तुझ्याकडे सरकतो, तिथे 'ला' दिशेत विरघळलेला असतो. शिवाय शब्दाच्या शेवटी हळूच लागणारे हे प्रत्यय श्रवणयंत्रातून नीट ऐकू येत नाहीत, ओठांवरही दिसत नाहीत. ते कुठेच भेटले नसतील तर लिहिणार कुठून? कर्णबधिर शिक्षक फळ्यावर 'शाळा' लिहितो, हाताने तो रस्ता दाखवतो आणि सांगतो की हातातलं हे जाणं मराठी माणूस शब्दाला शेपटी जोडून दाखवतो. तिशीतल्या विद्यार्थ्याला ते एका मिनिटात पटतं. वीस वर्षं तांबड्या शाईतून न कळलेली गोष्ट त्याला स्वतःच्या हातांतून कळते. मराठी आणि सांकेतिक भाषा दोन्हींत क्रियापद शेवटाकडे येतं. इंग्रजीपेक्षा मराठी या विद्यार्थ्याला जवळची आहे, पण तिच्यापर्यंत नेणारा वाटाड्या हवा.

असे वाटाडे घडवण्याचे दोन अभ्यासक्रम आज आहेत. एक दुभाष्यांचा, त्यात ऐकणारे शिकतात. दुसरा सांकेतिक भाषा शिकवण्याचा डिप्लोमा. तो खास कर्णबधिर उमेदवारांसाठी आहे, बारावीनंतर दोन वर्षांचा. पूर्वी ए, बी, सी अशा चढत्या पायऱ्यांचे छोटे वर्ग असत, आता भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला सलग अभ्यासक्रम आहे. शिकवायला कर्णबधिर, शिकायला कर्णबधिर. असा वर्ग दिसायलाही वेगळा असतो. बाकांच्या रांगा नसतात, अर्धवर्तुळ असतं, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसले पाहिजेत. शिक्षक खिडकीकडे पाठ करून उभा राहत नाही, उजेड डोळ्यांवर आला की चेहरा काळा पडतो आणि भुवयांतला प्रश्न वाचता येत नाही. लक्ष वेधायचं तर दिवा एकदा बंद-चालू करायचा किंवा शेजाऱ्याच्या खांद्यावर थाप मारून निरोप पुढे सरकवायचा. टाळ्या हवेत पंजे फिरवून. आणि संध्याकाळच्या वर्गात वीज गेली की अर्ध्यावरचं वाक्य अर्ध्यावरच राहतं. दिवे येईपर्यंत कुणी कुणाशी बोलू शकत नाही.

कर्णबधिर प्रौढांना आजवर शिक्षण म्हणून जे मिळालं ते बहुतेक हाताचं काम होतं. शिवण, सुतारकी, छापखान्यातली जुळणी. कामात कमीपणा नाही, पण माणसाला काय शिकायचंय हे त्याला न विचारता ठरवण्यात आहे. मुंबईत 2009 च्या सुमारास ध्रुव लाक्रा यांनी मिरॅकल कुरिअर्स सुरू केलं. तिथे पाकिटं वाटणारे आणि वर्गवारी करणारे सगळे कर्णबधिर. नकाशा, पत्ता, इमारतीची पाटी हे त्यांचं रोजचं वाचन झालं. काम करता करता अक्षरं अर्थ देऊ लागतात, हे तिथे दिसतं. हाच विचार झेशान आणि कर्णबधिर शिक्षणतज्ज्ञ सिबाजी पांडा यांच्या प्रकल्पात होता. 2015 पासून भारत, घाना आणि युगांडात तो चालला. शिकवणारे कर्णबधिर, शिकणारे तरुण कर्णबधिर आणि पाठ्यपुस्तक कुठलंच नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या दिवसातलं इंग्रजी वर्गात आणायचं: औषधाचं वेष्टन, फॉर्म, दुकानाची पाटी, मोबाईलवर आलेला संदेश. त्यावर सांकेतिक भाषेत चर्चा करायची आणि मग लिहायचं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. प्रौढाला 'कमळ, गवत' वाचायला लावलं की त्याच्या वयाचा अपमान होतो. त्याच्या खिशातला कागद त्याला समजावून दिला की तो उद्या पुन्हा येतो.

उच्च शिक्षणाची एक मोठी संधी मात्र हातातून निसटली. दिल्लीत इग्नूमध्ये 2009 साली उपयोजित सांकेतिक भाषा अध्ययनाची पदवी सुरू झाली, इंग्लंडमधल्या सेंट्रल लँकशायर विद्यापीठाच्या सहकार्याने. ती टिकली नाही. कर्णबधिर तरुण रस्त्यावर उतरले, मागण्या झाल्या आणि 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्वतंत्र संस्था म्हणून उभं राहिलं. त्याचा कोश 2018 साली 3,000 चिन्हांनी सुरू झाला आणि 2021 मध्ये 10,000 पर्यंत पोचला. दिव्यांग हक्क कायदा 2016 साली आला, नव्या शिक्षण धोरणाने सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाची गोष्ट केली, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने 2021 मध्ये ती माध्यमिक स्तरावरचा विषय म्हणून घेतली. म्हणजे शाळा सुटलेला तिशीतला माणूस आता आपल्या भाषेची परीक्षा देऊ शकतो. जनगणनेने 2011 साली श्रवणदोष असलेली पन्नास लाखांहून अधिक माणसं मोजली. त्यांच्यासाठी प्रशिक्षित दुभाषे मात्र आजही मोजकेच आहेत. तालुक्याच्या ठिकाणी पोलीस ठाण्यात किंवा प्रसूतिगृहात दुभाषी मागून पाहा.

दुभाषी असला की काय होतं, ते बेंगळुरूच्या सारा सनी यांनी दाखवलं. त्या जन्मतः कर्णबधिर वकील आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यापुढे दूरदृश्य माध्यमातून उपस्थित राहिल्या आणि दुभाषी सौरव रॉय चौधुरी यांनी कामकाज त्यांना सांकेतिक भाषेत सांगितलं. त्यांच्यासाठी दुभाष्याची खिडकी पडद्यावर उघडावी लागली, एवढाच बदल. कायद्याचं शिक्षण घेताना मात्र त्यांना ही खिडकी नव्हती. वर्गात ओठ वाचून, वह्या उसन्या घेऊन, घरच्यांच्या मदतीने त्यांनी ते पूर्ण केलं. जे त्यांना जिद्दीवर जमलं ते इतरांना सोयीने जमावं, म्हणून महाविद्यालयांच्या वर्गात दुभाषी हवा आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पगार हवा.

कर्णबधिर शिक्षकाच्या पगाराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. डिप्लोमा झालेल्या शिक्षकाला नेमायला बहिऱ्यांच्या शाळाही बिचकतात. 'त्याला फोन कसा करणार, पालकांशी कसा बोलणार' असं विचारतात. पालकांनीच त्याच्या वर्गात येऊन बसावं, असं माझं मत आहे. बसवनगुडीच्या त्या मराठी घरातल्या आईला वयाच्या पन्नाशीत मुलाशी बोलायला शिकायचं असेल, तर तिला शिकवू शकणारा सर्वांत योग्य माणूस हाच.

अशा वर्गाचा पहिला तास बहुधा नावानेच सुरू होतो. नवा विद्यार्थी आपलं नाव बोटांवर लिहितो. इंग्रजी अक्षरं दोन्ही हातांनी, स्वर डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर: अंगठा ए, तर्जनी ई, मधलं बोट आय, अनामिका ओ, करंगळी यू. त्याला वेळ लागतो, अक्षरं चुकतात, वर्ग थांबून पाहतो. मग बाकीचे त्याला न्याहाळतात. गालावरचा तीळ, कपाळावरचा वण, हसताना वाकडं होणारं तोंड, काहीतरी हाताला लागतं आणि त्याचं चिन्ह ठरतं. त्या दिवसापासून त्याला त्याच चिन्हाने हाक मारतात. शिक्षक भुवया उंचावून विचारतो, आवडलं? नवा विद्यार्थी मान डोलावतो आणि तेच चिन्ह स्वतःच्या हाताने एकदा करून पाहतो.