खिडकीवरचं इंग्रजी

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला लागणारं इंग्रजी कुठे सापडतं, असं कुणी विचारलं तर मी आधी नोटीस बोर्ड दाखवते, मग ऑफिसची खिडकी. वर्गाचा नंबर त्यानंतर. निजामपुऱ्यात आमच्या घराच्या माडीवर मी गेली बरीच वर्षं संध्याकाळी एफवायच्या मुलामुलींचा इंग्रजीचा वर्ग घेते. शेक्सपिअर समजला नाही म्हणून कुणी माझ्याकडे आल्याचं मला आठवत नाही. येतात ती नोटिशीचा फोटो काढून. मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, ‘‘आपा, ये करनाच पडेगा या नहीं किया तो भी चलेगा?’’

मला यापेक्षा नेमका प्रश्न माहीत नाही. काय करता येतं आणि काय करावंच लागतं, हे कळणं म्हणजे कॉलेज कळणं. आणि नेमकं तेवढंच आमच्या मुलांना शाळेतून नीट शिकून येता आलेलं नसतं.

आमच्या महापालिकेच्या नावातच भिवंडी आणि निजामपूर जोडीने येतात. निजामपुऱ्यात कोकणी मुसलमानांची जुनी घरं आहेत, घरात त्यांची स्वतःची बोली. थोडं पुढे गेलं की मोमीन घरांतली उर्दू. पद्मानगरातून येणारी मुलं पद्मशाली विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी. काल्हेर, अंजूर या बाजूची आगरी मुलं मराठी शाळेतून आलेली. कुणाचे वडील लूमवर बारा तासांची पाळी करतात, कुणाचा भाऊ माणकोलीच्या गोदामात पॅकिंगला आहे. बी.एन.एन. कॉलेज असो की मुलींचं जी. एम. मोमीन कॉलेज, वर्गात ही सगळी एका बाकावर येतात. त्यांच्यातला समान दुवा म्हणजे बाजारातली हिंदी, आणि समान भीती म्हणजे इंग्रजी.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या मुलाने बारा वर्षं ही भाषा विषय म्हणून घेतलेली असते. त्याला ‘शॅल-शुड, विल-वुड, कॅन-कुड, मे-माइट’ ही ओळ पाढ्यासारखी येते. डावीकडे वर्तमानकाळ, उजवीकडे भूतकाळ, असं त्याला शिकवलेलं असतं. मग ऑफिसातल्या बाई त्याला म्हणतात, ‘‘कुड यू कम टुमारो?’’ तो गोंधळतो. ‘कुड’ भूतकाळातलं आणि ‘टुमारो’ उद्याचा! त्या फक्त सभ्यपणे ‘उद्या येशील का?’ असं विचारत होत्या. हा पाढा मी वर्गात पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवायला लावते. कुड, वुड आणि माइट यांचं मोठं काम आर्जवाचं आणि शक्यतेचं आहे. भूतकाळाचं काम ते करतात, पण कॉलेजात ते ऐकू येतात बहुतेक वेळा आर्जवासाठीच.

आता सक्तीकडे येऊ, कारण नुकसान इथे होतं. इंग्रजी नियमांच्या भाषेत सक्तीच्या पायऱ्या आहेत. ‘मस्ट’ म्हणजे करायलाच हवं. ‘हॅव टू’ म्हणजे करावं लागतं, बहुधा दुसऱ्या कुणाच्या नियमामुळे. ‘शुड’ म्हणजे करावं, केलेलं बरं. ‘मे’ म्हणजे हवं तर करा, मुभा आहे. आणि विद्यापीठाच्या नियमांत, अध्यादेशांत येतो तो ‘शॅल’. शाळेत हा ‘आय’ आणि ‘वी’ यांच्यासोबत भविष्यकाळ दाखवायला येतो, एवढंच मुलांना माहीत असतं. नियमांच्या पुस्तकात मात्र ‘स्टुडंट शॅल’ म्हणजे आज्ञा. मुंबई विद्यापीठाची ७५ टक्के हजेरीची अट घ्या. ती आज्ञा आहे, सल्ला नाही. पण खऱ्या अडचणीत सूट मागण्याची सोयही त्याच नियमात आहे, आणि ती सोय ‘मे’ने सांगितलेली असते. जो मुलगा ‘शॅल’ला भविष्यकाळ आणि ‘मे’ला ‘कदाचित’ समजतो, त्याला अटही कळत नाही आणि सूटही.

एका मुलीची गोष्ट सांगते. नोटिशीत लिहिलं होतं की अमुक उत्पन्नाखालच्या विद्यार्थिनी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करू शकतात. वाक्यात ‘मे अप्लाय’ होतं. तिने अर्थ लावला, ‘कदाचित अर्ज करतील’. म्हणजे कुणीतरी दुसऱ्या मुली. तारीख निघून गेली. घरी तीन भावंडं, वडिलांचा लूम अर्धा महिना बंद. ती हुशार मुलगी आहे, अकाउंट्समध्ये माझ्यापेक्षा दहा पट बरी. तिला कुणी नाकारलं नव्हतं. नोटिशीने तिला हक्क दिला होता, आणि तो तिच्यापर्यंत पोचला नाही. त्या दिवसापासून ‘मे’ हा शब्द मी दोन वेळा शिकवते. एकदा शक्यतेचा, एकदा हक्काचा.

नकाराची गाठ याहून अवघड. ‘मस्ट नॉट’ म्हणजे करायचं नाही, मनाई. ‘डोन्ट हॅव टू’ आणि ‘नीड नॉट’ म्हणजे करायची गरज नाही, केलं तरी चालेल. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ सख्खे भाऊ. नकारात त्यांची तोंडं दोन दिशांना. परीक्षेच्या सूचनांमध्ये हे दोन्ही येतात. मोबाइल आत नेण्याची मनाई एका प्रकारची, आणि पुरवणी जोडायची गरज नाही ही दुसऱ्या प्रकारची. मुलं दोन्हींना ‘नको’ असंच वाचतात. प्रश्नपत्रिकेवरच्या ओळीही अशाच. सगळे प्रश्न अनिवार्य आहेत की कुठलेही तीन सोडवायचे आहेत, उजवीकडचे आकडे पूर्ण गुण दाखवतात, हे सगळं मराठीत सांगितलं तर पाचवीतल्या मुलाला समजेल. इंग्रजीत मात्र घाईघाईने त्यावरून नजर फिरते आणि तीनच्या जागी पाच उत्तरं लिहिण्यात वेळ जातो. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकांतल्या फक्त सूचना वाचून घेण्यासाठी मी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवते.

क्षमतेचं बोलायचं तर इथे आमच्या मुलांचं भांडवल मोठं आहे, आणि ते कुणी वापरत नाही. मराठीत आपण म्हणतो, मला पोहता येतं. हिंदी-उर्दूत, मुझे तैरना आता है. पद्मानगरच्या मुलीने एकदा तेलुगूत सांगितलं, नाकु ईत वच्चु. तिन्ही भाषांत विद्या माणसाकडे ‘येते’. आणि शिकलेली कला वेगळी, त्या वेळची शक्यता वेगळी, हा फरकही आपण बोलताना सहज पाळतो. मला पोहता येतं, पण आज ताप आहे, म्हणून पोहू शकत नाही. इंग्रजी दोन्हींना ‘कॅन’ वापरतं. मुलांच्या जिभेवर मग ‘आय कॅन एबल टू’ असा दुहेरी बांधा येतो, किंवा ‘आय कॅन टू स्पीक’ असं मध्ये ‘टू’ घुसतं. फळ्यावर तिन्ही भाषांतली वाक्यं शेजारी लिहिली आणि खाली इंग्रजी वाक्य लिहिलं की चूक स्वतःच दिसते. ‘कॅन’ला मदतीला ‘एबल’ लागत नाही, ‘टू’ही लागत नाही, तो एकटा पुरतो. पण ‘कॅन’ला भविष्यकाळ नाही, तिथे ‘विल बी एबल टू’ बोलवावं लागतं. एवढा नियम मातृभाषेतून दहा मिनिटांत बसतो. इंग्रजीतून इंग्रजी शिकवायचा हट्ट धरला तर तोच महिनाभर बसत नाही. वर्गात मराठी-उर्दू बोलायला बंदी घालणाऱ्या शिकवण्यांशी माझं मुळीच जमत नाही.

याला मोठा आधार आपल्याच इतिहासात आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं ते इंग्रजीच्या बळावर, आणि उच्च शिक्षणाचं दार म्हणजे इंग्रजी हे तेव्हाच ठरून गेलं. पण १९१६ साली महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा शिकवण्याची भाषा मातृभाषा ठेवली आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा केला. दोनच वर्षांनी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे शिक्षणाचं माध्यम उर्दू, आणि इंग्रजी तिथेही सक्तीचं. समज आपल्या भाषेत, आणि जगाशी व्यवहार करायला इंग्रजी हवंच, असा हा विचार होता. उर्दू शाळेतून आलेल्या माझ्या मुलींना मी उस्मानियाचं नाव मुद्दाम सांगते. आपली भाषा विद्यापीठाच्या लायकीची नाही असं त्यांच्या मनात कुणीतरी रुजवलेलं असतं, ते उपटून काढायला हवं.

आणि आनंदीबाई जोशी. त्या तर आमच्या शेजारच्या. १८६५ साली जन्मलेल्या, कल्याणात वाढलेल्या. १८८३ साली अठराव्या वर्षी अमेरिकेत पोचल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करत नाही, हे त्यांनी त्यात लपवलं नाही. आपल्याला काय येतं, काय शिकून झालं आहे, कशासाठी यायचं आहे, हे सांगितलं आणि सवलत मागितली. प्रवेश मिळाला, १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. मला त्यांच्या धाडसाइतकंच त्या पत्राचं कौतुक आहे. येतं काय, येत नाही काय, अट कुठली आणि विनंती कुठली, हे चार धागे परक्या भाषेत गुंता न होऊ देता मांडणं सोपं नाही. ही मांडणी मी मुलांना त्यांच्या अर्जासाठी शिकवते.

कारण अर्जात आपल्या मुलांची एक खास अडचण होते. मराठी अर्जात आपण लिहितो, ‘मुदत द्यावी, ही विनंती.’ हे ‘द्यावी’ अत्यंत नम्र आहे. पण शाळेत शिकवलेलं असतं की ‘-आवा, -आवी, -आवे’ म्हणजे ‘शुड’. मग सरांना ईमेल जातो, ‘यू शुड गिव्ह मी टू डेज.’ सरांना वाचताना वाटतं, हा मला कर्तव्य शिकवतो आहे. कुणी आणखी जोर द्यावा म्हणून ‘मस्ट’ लिहितं. मुलगा मनाने हात जोडून उभा असतो आणि कागदावर मात्र हुकूम उमटलेला असतो. अशा मुलाला उद्धट ठरवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्याचं वाक्य मनातल्या मनात मराठीत परत वाचून पाहा. मुलांना मी तीन तयार वाक्यं देते आणि ती तोंडपाठ करून घेते. ‘कुड आय हॅव टू मोर डेज?’ ‘वुड इट बी पॉसिबल टू सबमिट ऑन मंडे?’ ‘मे आय नो द रीझन?’ पाठांतराला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण खिडकीपुढे रांग असते, मागून धक्के बसत असतात, घशाला कोरड पडलेली असते, तेव्हा व्याकरण सुचत नाही, पाठ असलेलं वाक्यच बाहेर येतं.

यातलं तिसरं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अर्ज परत आला, हॉलतिकीट अडलं, तर ‘ओके मॅडम’ म्हणून मुलं मागे फिरतात. कारण विचारता येतं, हेच त्यांना ठाऊक नसतं. कमी गुण पडले तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, हे मी सांगितल्यावर त्यांचे डोळे मोठे होतात. म्हणून वर्गात आम्ही खिडकीची नक्कल करतो. एक जण कारकून, एक विद्यार्थी. कारकुनाने अडवायचंच. बोनाफाईड हवं, एलसीची प्रत हवी, आज होणार नाही. विद्यार्थ्याने आवाज न चढवता तीन गोष्टी काढून घ्यायच्या, काय करावंच लागेल, काय केलं नाही तरी चालेल आणि कधीपर्यंत. लाजाळू मुली कारकुनाची भूमिका आवडीने करतात आणि दोन आठवड्यांत विद्यार्थ्याच्या बाजूला बसायलाही तयार होतात.

विज्ञानाच्या मुलांना सगळा पेपरच इंग्रजीत लिहायचा असतो, त्यांचं काम आणखी वाढतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये काय केलंच पाहिजे आणि काय टाळायचं, याची वाक्यं ठरावीक असतात, ती लवकर बसतात. तोंडी परीक्षेत मात्र उत्तर येत नसेल तर गप्प उभं राहण्याऐवजी ‘आय अ‍ॅम नॉट शुअर, बट इट माइट बी’ अशी सुरुवात करायला मी सांगते. ‘माइट’ने अंदाज प्रामाणिकपणे मांडता येतो, आणि परीक्षकाला विचार करणारं मूल दिसतं.

कॉलेजांकडे माझं मागणं साधं आहे. प्रवेशाच्या वेळी जी नियमावली हातात देता, तिच्यात अनिवार्य काय आणि ऐच्छिक काय, हे इंग्रजीच्या शेजारी मराठीत आणि आमच्या भागात उर्दूतही छापा. इंग्रजी मजकूर काढू नका, तो मुलांना वाचता यायलाच हवा. पण पहिल्या सत्रात त्याला जोडीदार द्या. आणि एफवायच्या कम्युनिकेशन स्किल्सच्या पहिल्या तासाला पुस्तक उघडण्याआधी वर्गाला बाहेर नेऊन नोटीस बोर्डापुढे उभं करा. त्या दिवशी लागलेली कुठलीही नोटीस चालेल. प्रत्येकाने एक क्रियापद शोधायचं आणि सांगायचं, हे मला करायलाच हवं आहे की मी हवं तर करू शकतो.