जादा दाबाचा हिशोब

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणी झाली की डाऊनी आणि भुरीच्या धास्तीने फवारण्या सुरू होतात. तेव्हा ट्रॅक्टरमागचा एचटीपी पंप जवळून पाहण्यासारखा असतो. तीन प्लंजर एकाच शाफ्टवर पुढेमागे होतात. डोक्यावर दाबाचा काटा असतो, शेजारी स्प्रिंगचा रेग्युलेटर, आणि त्यातून निघालेली एक नळी परत टाकीत गेलेली. मजुराने गन बंद केली तरी प्लंजर थांबत नाहीत. प्रत्येक फेऱ्याला ठरलेले पाणी ते पुढे ढकलतातच. त्या पाण्याला वाट मिळाली नाही तर होज फाटेल नाहीतर बेल्ट घसरेल. म्हणून ठरावीक दाबाला स्प्रिंग दबते, व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी टाकीत परतते. दाब आपोआप राखण्याची ही सर्वांत साधी रीत. तिने पंप वाचतो, पण जादा पाण्याला दाब देण्यात गेलेली शक्ती वाचत नाही. जादा दाब तयार करून सोडून देण्यापेक्षा तो तयारच होऊ न देणे, हेच खरे दाबनियंत्रण, असे माझे म्हणणे आहे.

स्प्रिंगच्या व्हॉल्व्हचा मूळपुरुष सतराव्या शतकातला. फ्रेंच संशोधक दनी पापँ याने वाफेच्या बंद भांड्यावर वजनाचा सुरक्षा व्हॉल्व्ह बसवला. आपल्या कुकरची शिटी त्याच वंशातली. त्याला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र रोजचे नियंत्रण त्याच्यावर सोपवले की खर्च दिसू लागतो. सातपूर-अंबडच्या शेडमधल्या हायड्रॉलिक प्रेसचे उदाहरण घ्या. मिनिटाला ६० लिटर तेल देणारा पंप आहे आणि रिलीफ व्हॉल्व्ह १५० बारला लावला आहे. दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराला ६०० ने भागले की किलोवॅट मिळतात. इथे ते १५ येतात. प्रेस दाब धरून नुसता उभा असताना जवळजवळ सगळे तेल व्हॉल्व्हमधून टाकीत परतते आणि हे १५ किलोवॅट तेल तापवण्यात जातात. तापलेले तेल पातळ होते, सील लवकर कडक पडतात, मग कूलर बसवावा लागतो आणि त्याचे बिल वेगळे.

यातून सुटण्याचे दोन मार्ग कारखानदारीने केव्हाच शोधले आहेत. पहिला तेलाच्या पिस्टन पंपातला. पिस्टन एका तिरक्या तबकडीवर टेकून फिरतात; दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की कॉम्पेन्सेटर ती तबकडी सरळ करत आणतो. पिस्टनची धाव आखूड होते आणि गळतीपुरतेच तेल निघते. दुसरा मार्ग वेगाचा. पाइपवरचा सेन्सर दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो, कंट्रोलर तो हव्या दाबाशी ताडून पाहतो आणि ड्राइव्ह मोटरचा वेग कमी-जास्त करतो. सेंट्रिफ्यूगल पंपात, विरोध मुख्यतः पाइपातल्या घर्षणाचा असेल, तर वेग ८० टक्क्यांवर आणल्यावर प्रवाहही ८० टक्के राहतो. शक्ती मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटून सुमारे ५१ टक्के लागते.

या दिशेचा उत्तम पुरावा डिझेलच्या तंत्रात आहे आणि त्याचा नाशिकशी थेट संबंध आहे. सातपूरची 'मायको', म्हणजे २००८ पासूनची बॉश लिमिटेड, डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर बनवण्यासाठी ओळखली जाते. जुन्या यांत्रिक पंपात इंजेक्शनचा दाब इंजिनाच्या वेगावर हेलकावत असे. १९९७ मध्ये मोटारींत आलेल्या कॉमन रेलने सामाईक नळीत सुमारे १३५० बारपर्यंत दाब साठवून ठेवला. पण सुरुवातीच्या रचनेत पंप भरपूर डिझेल दाबायचा आणि नको तेवढे व्हॉल्व्हमधून परत जायचे. परतणारे डिझेल तापलेले असायचे. पुढच्या पिढ्यांनी पंपाच्या तोंडाशीच मापक व्हॉल्व्ह बसवला. लागेल तेवढेच डिझेल आत जाते आणि तेवढ्यालाच दाब मिळतो. जादा डिझेल तापवून परत पाठवणे या अचूक तंत्रालाही परवडले नाही.

आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. फवारणीत टाकीत परतणारे पाणी औषध ढवळत राहते. ते पूर्ण थांबवले तर गंधक किंवा तांब्याची भुकटी तळाशी बसेल. तेव्हा ढवळण्यापुरता परतीचा प्रवाह ठेवावाच. नदीतून उंच टेकाडावर पाणी चढवताना बहुतेक शक्ती चढावाला लागते. तिथे वेग थोडा घटवला तरी पाणी वर पोचेनासे होते, म्हणून ड्राइव्हचा लाभ तुटपुंजा. धूळ, उष्णता आणि व्होल्टेजचे चढउतार यांत इलेक्ट्रॉनिक्स बिघडते, हेही खरे. म्हणून सेन्सर आला तरी स्प्रिंगचा व्हॉल्व्ह काढायचा नाही. फक्त त्याचे काम रोजच्या नियंत्रणाचे न राहता संकटकाळचे राहील.

सगळ्यात बोचरा आक्षेप वेगळाच आहे: साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीज मोफत असताना बचत कोणासाठी? उत्तर ठिबकच्या नळीत आहे. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. एक किलोचा दाब शेवटच्या ओळीला ०.८ वर आला तर तिथल्या वेलीला सुमारे दहा टक्के पाणी कमी, आणि पाण्यातून दिलेले खतही तेवढेच कमी. सौरपंपाचा कंट्रोलर वेग बदलतो खरा, पण तो उन्हाच्या मागे जातो. दाबाच्या मागे जातोच असे नाही. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात कमी प्लॉट उघडणे शहाणपणाचे. सेन्सर बसवायचाच असेल तर त्याची जागाही महत्त्वाची. तो पंपाजवळ असला की कमी प्रवाहातही पंप पूर्ण दाब धरून बसतो, कारण पाइपातले घर्षण घटल्याचे त्याला कळतच नाही. तो सर्वांत दूरच्या किंवा उंचावरच्या प्लॉटवर बसवला तर घर्षण घटेल तसा पंपही आपोआप मंदावतो. वायर लांब ओढावी लागते, खर्च वाढतो. ते जमणार नसेल तर निदान दाबाचा एक काटा त्या शेवटच्या ओळीवर लावावा आणि पंपाचा दाब त्या आकड्यावरून ठरवावा.