निरोगी दिसणारे जनावर : कार्ल मायर यांच्या संशोधनाचा आढावा

कार्ल फ्रीड्रिख मायर हे नाव आपल्याकडे पशुवैद्यक महाविद्यालयांच्या बाहेर फारसे कुणी घेत नाही. डबाबंद मटार किंवा मशरूम आपण निर्धास्त खातो, त्यामागे मात्र त्यांच्या प्रयोगशाळेत ठरलेले काही आकडे आहेत. गाई-म्हशींना गाभडायला लावणाऱ्या जिवाणूचे आजचे कुलनामही त्यांच्याच लेखातून आले. स्वित्झर्लंडमधील बासल इथे 1884 साली जन्मलेले मायर शिक्षणाने पशुवैद्यक होते आणि अखेरपर्यंत आजाराकडे पशुवैद्यकाच्या नजरेने पाहत राहिले. त्यांच्या साऱ्या कामाचे बळ मला या नजरेत दिसते. माणसांचा डॉक्टर दारात आलेल्या आजारी माणसापासून सुरुवात करतो. पशुवैद्यकाला सुरुवात कळपापासून करावी लागते. आणि कळपात जे जनावर नीट चारा खाते, रवंथ करते, दूध देते, धोका पुष्कळदा त्याच्याकडूनच असतो.

पदवीनंतर ते दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळच्या ऑन्डरस्टेपूर्ट इथे अर्नोल्ड थायलर यांच्या हाताखाली गेले. गोचिडांमुळे पसरणारा ईस्ट कोस्ट फीवर तिथली गुरे मारत होता. मायर यांनी आजारी गुराच्या प्लीहेचे तुकडे निरोगी गुराच्या पोटात घालून हा आजार प्रयोगशाळेत संक्रमित करून दाखवला. 1910 मध्ये ते अमेरिकेत पेनसिल्वेनियाला आणि 1913 मध्ये कॅलिफोर्नियाला आले. सॅन फ्रान्सिस्कोतील हूपर फाउंडेशन ही त्यांची कायमची कर्मभूमी ठरली. 1954 पर्यंत ते तिचे संचालक होते.

त्यांचे सर्वांत मोठे काम अन्नाचे. ऑगस्ट 1919 मध्ये ओहायो राज्यातील कँटन इथे एका मेजवानीत काचेच्या बरणीतील काळे ऑलिव्ह खाऊन माणसे दगावली. पाठोपाठ इतर राज्यांतूनही तशाच बातम्या आल्या. ऑलिव्ह कॅलिफोर्नियाचे होते आणि आजार बॉट्युलिझमचा. या आजारात रोग्याला ताप नसतो, शुद्धही असते. पण एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, पापण्या मिटू लागतात, घास गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. लोकांनी ऑलिव्ह खाणे सोडलेच, शिवाय डबाबंद अन्नावरचा त्यांचा विश्वासही डळमळला. हादरलेल्या कारखानदारांनी संशोधनासाठी पैसा उभा केला. स्टॅनफर्डचे अर्नेस्ट डिक्सन, सार्वजनिक आरोग्य खात्याचे जेकब गायगर आणि मायर असे तिघे कामाला लागले.

मायर यांनी आधी माती तपासायला घेतली. बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू कुठून येतात हे कळल्याशिवाय कारखान्याला दोष देण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. देशभरातून मातीचे नमुने गोळा झाले. नांगरलेल्या शेतात बीजाणू सापडले, तसे ज्या मातीला कधी नांगर लागला नव्हता तिच्यातही सापडले. म्हणजे भाजी कितीही धुतली तरी बीजाणू सोबत येणारच. मग प्रश्न उरला तो उष्णतेचा. एस्टी आणि मायर यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अत्यंत चिवट बीजाणूंच्या सहनशक्तीची मर्यादा मोजली: 100 अंश सेल्सियसला साडेपाच तासांच्या आसपास, तर 120 अंशांना सुमारे 4 मिनिटे. पुढे या आकडेमोडीतून 121 अंशांना 3 मिनिटे हा किमान दंडक जगभर रूढ झाला, आणि ही उष्णता डब्याच्या मध्यापर्यंत पोचली पाहिजे. उघड्या पातेल्यात पाणी कितीही वेळ उकळले तरी ते साधारण 100 अंशांवर जात नाही. घरच्या कुकरला शिट्टी होते तेव्हा आत जवळजवळ 120 अंश असतात. 1925 मध्ये कॅलिफोर्नियाने डबाबंदीच्या कारखान्यांवर तपासणीचा कायदा आणला.

दंडक सगळ्या पदार्थांना सारखा नाही, कारण आंबट पदार्थात हे बीजाणू रुजत नाहीत. म्हणून रत्नागिरीच्या हापूसचा रस उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर डबाबंद करता येतो. मशरूम, मका आणि मासळी यांना मात्र दाबाखालची वाफच लागते. मीठ आणि आंबटपणा यांच्या बळावर आपली लोणची पिढ्यान् पिढ्या टिकली. परंतु सोललेला कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून महिनोन्महिने फडताळात ठेवणे धोक्याचे आहे, कारण तिथे हवा नाही आणि आंबटपणाही नाही. हा आजार परदेशी डब्यांपुरता आहे, असेही मानू नये. 1996 मध्ये गुजरातेतील एका निवासी शाळेत विद्यार्थ्यांना तो झाला, आणि संशय शेवेवर होता.

समुद्रातील अन्नाचा प्रश्नही त्यांच्याकडे आला. 1927 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात शिंपल्यांतील मसल्स खाऊन शंभरावर माणसे आजारी पडली, काही मेली. शिंपला ताजा होता, त्याला कसलाही रोग नव्हता. सोमर आणि मायर यांनी 1937 मध्ये दाखवले की विष शिंपल्याचे नसून त्याने गाळून खाल्लेल्या सूक्ष्म प्लवकांचे आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात मसल्स काढण्यावर आजही बंदी असते.

1930 मध्ये सान वाकीन खोऱ्यात हजारो घोडे मेंदूच्या आजाराने पडले. विषाणू शोधायला ताजा मेंदू हवा होता आणि एक मालक आपला मरणपंथाला लागलेला घोडा द्यायला तयार नव्हता. मायर यांनी त्याच्या बायकोच्या हातावर 20 डॉलर ठेवले आणि मालक झोपल्यावर रात्री घोड्याचे डोके कापून नेले. ही हकिकत त्यांच्या धडाडीचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगवत नाही. घोडा त्या शेतकऱ्याचा होता. पण हॅरिंग आणि बीट्रिस हाउइट यांच्यासह त्यांनी विषाणू वेगळा केला हे खरे, आणि हा आजार डासांमार्फत पसरत असावा, हा त्यांचा तर्कही खरा ठरला. 1938 मध्ये हाउइट यांना तोच विषाणू एका मुलाच्या मेंदूत सापडला. याच दशकात कॅलिफोर्नियात पिंजऱ्यांत वाढवलेल्या लव्हबर्डसारख्या छोट्या पोपटांची तपासणी करून मायर यांनी सिटॅकोसिसचा जंतू वरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यांत लपलेला असतो, हे दाखवून दिले.

प्लेगबाबत त्यांचे म्हणणे आपल्याशी थेट जोडलेले आहे. 1896 च्या मुंबईतील साथीनंतर हाफकिन यांची लस आली, परळच्या प्रयोगशाळेत उंदीर आणि पिसवांवर काम झाले, आणि प्लेग म्हणजे घरातील उंदीर हे समीकरण पक्के झाले. मायर रानातल्या खारींकडे आणि इतर कुरतडणाऱ्या प्राण्यांकडे बोट दाखवत राहिले: शहरातली साथ ओसरली तरी जंतू तिकडे टिकून राहतो. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळल्याची बातमी आली, तेव्हा देशात कित्येक वर्षे प्लेगचे नावही कुणी काढले नव्हते.

आता सुरुवातीला उल्लेखलेल्या, गाई-म्हशींना गाभडायला लावणाऱ्या जिवाणूकडे. माल्टातील ब्रिटिश सैनिकांच्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये शोधला. तो बकरीच्या दुधातून येतो, हे 1905 मध्ये झामित यांनी दाखवले. डेन्मार्कचे पशुवैद्यक बँग यांना 1897 मध्ये गाभडणाऱ्या गाईंत एक जिवाणू मिळाला होता. हे दोन्ही जवळचे नातलग आहेत, असे ॲलिस इव्हान्स यांनी 1918 मध्ये सांगितले, आणि एका बाईचे हे म्हणणे मानायला मोठमोठे लोक वर्षानुवर्षे तयार नव्हते. मायर आणि शॉ यांनी स्वतः तुलना करून 1920 मध्ये दोघांना ब्रुसेला या एकाच कुळात बसवले. इव्हान्स यांना पुढे हाच आजार जडला आणि अनेक वर्षे छळत राहिला.

ब्रुसेलोसिस महाराष्ट्रातील गोठ्यांत आजही आहे. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, आणि घरातलाच कुणीतरी उघड्या हातांनी ती ओढतो. पुढच्या खेपेला तीच गाय नीट विते, चांगले दूध देते, तरी जिवाणू दुधातून बाहेर पडत राहू शकतो. माणसाला मग अधूनमधून ताप येतो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात, आणि उपचार टायफॉइडचे किंवा क्षयाचे चालू राहतात. निदान चुकते, कारण जनावरांविषयी कुणी विचारत नाही. पशुवैद्यक आणि त्यांचे मदतनीस यांनाही हा आजार होतो, आणि त्यांच्या या जोखमीची आपल्या समाजाने पुरेशी दखल घेतलेली नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मायर यांना 1951 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे निधन झाले. माणूस, जनावर आणि परिसर यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी नागपुरात डिसेंबर 2022 मध्ये झाली. केंद्राच्या 2019 च्या कार्यक्रमात लाळ्या-खुरकूताबरोबर ब्रुसेलोसिसची लसही मोफत आहे. ती फक्त मादी वासरांना, 4 ते 8 महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच द्यायची असते. लस जिवंत जिवाणूंची असल्यामुळे ती जाणकारानेच, हातमोजे घालून टोचायची असते.

ज्यांच्या गोठ्यात या वयाची कालवड किंवा पारडी आहे, त्यांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच चौकशी करावी. गाभडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये; चुना घालून खोल पुरावी. धारोष्ण दूध पिऊ नये, ते उकळूनच घ्यावे. आणि घरातल्या कुणाचा ताप आठवडे उलटूनही हटत नसेल, तर आपल्याकडे गुरे-शेळ्या आहेत, ही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी त्यांना सांगावी.