इअरफोनची तार

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात मोबाईल दुरुस्तीच्या एखाद्या लहानशा दुकानापाशी घटकाभर उभे राहिले, म्हणजे एक प्रश्न हमखास कानी पडतो : "दादा, एका कानात ऐकू येईनासं झालंय, दुरुस्त होईल का?" उत्तरही बहुधा ठरलेले असते : "त्यापेक्षा नवाच घ्या." गिऱ्हाईक नवा घेऊन जाते आणि दोनतीन महिन्यांत तोच प्रश्न घेऊन परत येते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला याचे काही वाटत नाही. परंतु ज्या घरात खोली एकच, माणसे सहा आणि शेजारी यंत्रमागाचा खडखडाट, तेथे मोबाईलवर धडे ऐकणाऱ्या विद्यार्थ्याचा इअरफोन हीच त्याची अभ्यासाची खोली असते. परीक्षेच्या तोंडावर ती बंद पडणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

इअरफोन बिघडला असे आपण म्हणतो, तेव्हा कानातला भाग बिघडलेला असतो अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो भाग फार साधा आणि चिवट आहे. एक लहान लोहचुंबक, त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा, एवढाच त्याचा संसार. बिघडते ती तार; आणि तारेतही बहुधा दोनच जागा : फोनमध्ये घालावयाच्या पिनेची मान आणि कानातल्या बोंडाचा बुंधा. मधली हातभर तार क्वचितच तुटते.

हे असे का होते, ते बुऱ्हाणपूरच्या माणसाला समजावून सांगणे इतर कोणापेक्षा सोपे आहे, कारण मऊ तार कशी करावी ही विद्या या गावात फार जुनी आहे. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने येथील तलम कापडाची आणि सोन्यारुप्याच्या तारांनी विणलेल्या वस्त्रांची वाखाणणी केली आहे. हा माल इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असे. त्या वस्त्रांतली जर म्हणजे निव्वळ धातूची तार नव्हती. मुलामा दिलेली रुप्याची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करीत, मग ती ठोकून चपटी करीत आणि तो चपटा बादला रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळीत. त्याचे नाव कलाबतू. ओढ पडली की ती रेशमाने सोसावयाची. धातूने केवळ चमकावयाचे. म्हणूनच शालूचा पदर शेकडो वेळा दुमडला तरी जर मोडत नसे.

पुढे टेलिफोनचा शोध लागल्यावर रिसीव्हरच्या दोरीसाठी तारा करणाऱ्यांना हीच युक्ती वापरावी लागली. सुताभोवती तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून ती दोरी करीत. आजच्या बऱ्या इअरफोनची तार सोलून पाहिली तर आत तेच दिसते : मध्ये नायलॉनचे किंवा तत्सम तंतू आणि त्यांच्याभोवती किंवा त्यांच्यात मिसळून तांब्याचे केसाएवढे बारीक तंतू, प्रत्येकावर रंगीत इनॅमलचा लेप. एका इअरफोनमध्ये अशा तीन जुड्या तरी हव्यातच : डाव्या कानाची, उजव्या कानाची आणि दोघांची सामाईक परतीची. माइक असेल तर चौथी. कोठे कोठे परतीच्या जुड्या दोन असतात.

आता स्वस्त मालात काय होते? मधला धागा नावापुरता असतो किंवा नसतोच. तांब्याचे तंतू मोजून घातलेले असतात. कित्येकदा ते तांब्याचेही नसतात; आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ थर असतो, आणि ॲल्युमिनियम वाकविले तर तांब्याच्या आधी मोडते. कानातल्या बोंडाच्या आत तारेला एक गाठ मारलेली असावी लागते, म्हणजे ओढ लागली तर ती गाठीवर येते, डाखावर येत नाही. ही गाठ मारावयास क्षणभरही लागत नाही आणि खर्च शून्य. तरीही ती पुष्कळदा नसते! काटकसर आणि कंजुषी यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो.

मुख्य कारण मात्र वाकणे हे आहे. लोखंडी तारेचा तुकडा हाताने पुढे-मागे वाकवीत राहिले की तो एका जागी कडक होतो आणि तेथेच तुटतो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात. पिन कठीण, तार मऊ. जेथे कठीण संपते आणि मऊ सुरू होते, नेमके तेथेच सगळे वाकणे गोळा होते. एकेक तंतू तुटत जातो, बाहेरून काहीच दिसत नाही. शेवटचे दोनचार तंतू उरले की खरखर ऐकू येते आणि मग शांतता. त्यात घामाचा खार आत शिरला तर तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि काम लवकर होते. वरचे प्लॅस्टिकही वर्षा-दोन वर्षांत मऊपणा सोडून ताठर बनते.

म्हणून पिनेच्या मानेशी जी रबरी बाही असते, ती शोभेसाठी नाही. वाकणे एका बिंदूवर न पडता दोन बोटांच्या लांबीवर पसरावे हे तिचे काम. विकत घेताना ती बोटाने वाकवून पाहावी. मऊसर, खाचा पाडलेली आणि टोकाकडे निमुळती असेल तर उत्तम. दगडासारखी ताठ असेल तर ती असून नसल्यासारखी, कारण मग तार बाहीच्या टोकाशी तुटणार. बॉलपेनची स्प्रिंग मानेभोवती गुंडाळण्याचा घरगुती उपाय पुष्कळजण करतात. त्याचे सुख याच कारणाने अल्पकाळचे ठरते. मोडण्याची जागा स्प्रिंगच्या टोकापाशी सरकते, इतकेच. फोन खिशात ठेवणाऱ्याने काटकोनात वळलेली पिन घ्यावी. आणि इअरफोन फोनला लावलेला असतानाच तार फोनभोवती करकचून गुंडाळण्याची जी सवय आहे, तिच्याइतका या वस्तूचा दुसरा वैरी नाही. पिन काढून चार बोटांभोवती सैल वेटोळी करून ठेवावी. काढताना तार ओढू नये, पिन धरावी.

तरीही बिघाड झालाच, तर पैसे खर्च करण्यापूर्वी तो कोठे आहे हे पाहावे. प्रथम इअरफोन दुसऱ्या फोनला लावावा. तेथे नीट वाजला तर दोष फोनच्या छिद्रात आहे. तेथे खिशातला कापूस दबून बसतो. फोन बंद करून लाकडी काडीने तो हलकेच काढावा, टाचणी घालू नये. एका बाजूचा आवाज बंद न होता नुसता मंद झाला असेल, तर कानातला मळ जाळीवर बसला असण्याचा संभव अधिक. बोंड उपडे धरून कोरड्या मऊ ब्रशाने जाळी झाडावी. तिसरे लक्षण मोठे गमतीचे आहे : गाण्यातली वाद्ये ऐकू येतात, पण गायकच नाहीसा होतो. याचा अर्थ परतीची सामाईक तार तुटली. मग दोन्ही बाजूंच्या आवाजांतला केवळ फरक तेवढा कानी येतो, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्याने तो परस्पर वजा होतो. पिन अर्धवट बसली तरी असेच होते, तेव्हा आधी ती नीट दाबून पाहावी.

याउपर गाणे चालू ठेवून तार बोटांनी टप्प्याटप्प्याने वाकवीत जावे. जेथे वाकविताच आवाज येतो-जातो, ती मोडलेली जागा. ती पिनेच्या मानेशी असेल तर दुरुस्ती अवघड नाही. मोडलेल्या जागेपुढे दोन बोटे अंतरावर तार कापावी आणि तितक्याच खाचांची ३.५ मिलिमीटरची नवी पिन आणावी. तारा सोलल्यावर एक चूक बहुतेकांकडून होते : रंगीत तंतू तसेच डाखले जातात. तो रंग म्हणजे इनॅमल, आणि त्यातून वीज जात नाही. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकावर डाख घेऊन त्यात तंतूचे टोक बुडवून ठेवावे; लेप जळून टोक चकचकीत झाले की मगच जोडावे. तांबडी उजवीकडची, हिरवी किंवा निळी डावीकडची, तांब्याच्या रंगाची परतीची असा संकेत आहे खरा, परंतु स्वस्त मालात त्यावर भरवसा ठेवू नये. दीड व्होल्टचा सेल दोन टोकांना निमिषभर टेकवावा. ज्या कानात 'खट्' वाजेल त्याची ती जोडी. शेवटी आकसणाऱ्या नळीचे दोन थर द्यावे, आतला लांब आणि बाहेरचा आखूड, म्हणजे ताठरपणा हळूहळू उतरत जाईल.

बोंडापाशी तुटलेली तार जोडणे हे अधिक नाजूक काम आहे. तेथे हात बसलेला कारागीरच हवा. ॲल्युमिनियमची तार निघाली तर डाख धरतच नाही, आणि तेव्हा दुकानदाराचे "नवाच घ्या" हे उत्तर बरोबर ठरते. बिनतारी इअरफोनला ही तार नाही, पण बॅटरी आहे. ती काही वर्षांनी निकामी होते आणि ती बदलता यावी अशी सोय बहुधा ठेवलेली नसते.

एका कानाने चालविण्याची तडजोड मात्र करू नये. एक बाजू बंद पडली की माणूस नकळत दुसरीचा आवाज वाढवितो, आणि बाहेर माग चालू असेल तर आणखीच वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते. विद्यार्थ्याने धडा ऐकताना आवाजाची पट्टी निम्म्याच्या वर जात असेल, तर तो मागाच्या भिंतीपासून दूर, उलट्या बाजूच्या कोपऱ्यात बसविला जावा, आणि इअरफोन त्याच दिवशी दुरुस्तीला जावा.