'दॅन आय' की 'दॅन मी'?

इंग्रजीतला एक शब्द मराठी माणसाला हमखास चकवतो. तो शब्द म्हणजे 'मी'. आपल्याकडे 'मी' हा कर्ता. मी आलो, मी केलं. इंग्रजीतला 'मी' म्हणजे मात्र आपला 'मला'. तिथे कर्त्याच्या जागी 'आय' बसतो. उच्चार तोच, काम वेगळं! एरवी ही अडचण येत नाही. 'मी गो' असं कोणी म्हणत नाही. पण वाक्यात तुलना आली, 'दॅन' आला, की गाडी अडते. 'ही इज टॉलर दॅन आय' म्हणायचं की 'ही इज टॉलर दॅन मी'? होस्टेलवर विचारून बघा, दोन्ही बाजूंनी भांडणारे सापडतील.

मराठीत हा प्रश्नच येत नाही. 'पेक्षा' हे आपलं शब्दयोगी अव्यय. ते लागलं की सर्वनामाचं सामान्यरूप होतं : माझ्यापेक्षा, तुझ्यापेक्षा, त्याच्यापेक्षा. एकच रूप, निवड करायची गरज नाही. इंग्रजीतला 'दॅन' मात्र दोन डगरींवर हात ठेवून आहे. त्याला उभयान्वयी अव्यय मानलं तर त्याच्यापुढे एक अख्खं वाक्य दडलेलं असतं : 'ही इज टॉलर दॅन आय ॲम'. मग कर्ता हवा, म्हणून 'आय'. आणि त्याला आपल्या 'पेक्षा'सारखं मानलं तर पुढे 'मी' येतो.

हा वाद आजचा नाही. १७६२ साली रॉबर्ट लाउथ या इंग्लंडमधल्या धर्मगुरूने इंग्रजीचं एक छोटं व्याकरण लिहिलं. 'दॅन'च्या पुढे दडलेलं क्रियापद शोधा आणि त्यावरून सर्वनाम ठरवा, असा त्याचा नियम. लगेच १७६५ साली विल्यम वॉर्ड या दुसऱ्या व्याकरणकाराने उलट बाजू घेतली आणि 'दॅन मी' चालतं असं मांडलं. शाळांनी लाउथचं ऐकलं, बोलणाऱ्यांनी मात्र आपलंच चालू ठेवलं. आजचे मोठे शब्दकोश दोन्ही रूपं मान्य करतात. बोलताना 'दॅन मी' सहज वाटतं, नुसतं 'दॅन आय' जरा पुस्तकी वाटतं.

मग परीक्षेत, इंटरव्ह्यूत काय करायचं? सोपा उपाय आहे. दडलेलं क्रियापद सरळ लिहून टाका : 'दॅन आय ॲम', 'दॅन आय डू', 'दॅन आय डिड'. याला कोणताही पक्ष नाव ठेवत नाही. क्रियापद आलं की 'आय'च, तिथे 'मी' कधीच नाही.

इथवर प्रश्न फक्त शैलीचा होता. पण काही वाक्यांत सर्वनाम बदललं की अर्थच पालटतो. समजा प्रोजेक्ट रिपोर्टच्या आभाराच्या पानावर तुम्हाला लिहायचंय, "गाइड सरांनी माझ्या पार्टनरला माझ्यापेक्षा जास्त मदत केली." मनात अर्थ असा, की मी जेवढी केली त्याहून जास्त मदत सरांनी केली. तुम्ही लिहिलं, 'द गाइड हेल्प्ड माय पार्टनर मोर दॅन मी'. वाचणारा काय समजेल? सरांनी पार्टनरला जास्त मदत केली आणि मला कमी! आभाराची झाली तक्रार, आणि तीही सरांच्याच हातात पडणार! इथे 'दॅन आय डिड' हवं. आणि खरंच तक्रार करायची असेल तर 'दॅन ही हेल्प्ड मी' असं उघड लिहा. मूळ मराठी वाक्यही दुहेरी अर्थाचंच आहे बरं का. म्हणून भाषांतर करण्याआधी मराठीतच ठरवून घ्या : 'मी केली त्यापेक्षा' की 'मला केली त्यापेक्षा'?

आता इंजिनिअरिंगवाल्यांना सगळ्यात जास्त नडणारा प्रकार. "हिंगोलीची लोकसंख्या परभणीपेक्षा कमी आहे." मराठी म्हणून हे वाक्य ठीक. २०११च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ आणि १९९९ साली ज्यातून तो वेगळा झाला त्या परभणीची १८,३६,०८६ होती. पण याचंच शब्दशः 'द पॉप्युलेशन ऑफ हिंगोली इज स्मॉलर दॅन परभणी' केलं, तर लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशी न होता थेट परभणीशी होते! इंग्रजीत तुलना सारख्याची सारख्याशी हवी : 'दॅन दॅट ऑफ परभणी'. हा 'दॅट' म्हणजे सर्वनामच, 'पॉप्युलेशन'च्या जागी आलेलं. अनेकवचन असेल तर 'दोज'. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यातल्या लायगो-इंडिया वेधशाळेच्या भुजा आराखड्यानुसार ४ किलोमीटरच्या, तर इटलीतल्या व्हर्गोच्या ३ किलोमीटरच्या. म्हणून 'द आर्म्स ऑफ लायगो-इंडिया विल बी लाँगर दॅन दोज ऑफ व्हर्गो'. रिपोर्टमध्ये स्टीलची घनता काँक्रीटच्या घनतेशी ताडून बघताना, तांब्याची वाहकता ॲल्युमिनियमच्या वाहकतेशी ताडून बघताना हेच लक्षात ठेवा. आणि माणसांच्या बाबतीत 'हिज मार्क्स आर हायर दॅन माइन' म्हणा, 'दॅन मी' नको. मार्कांची तुलना मार्कांशीच!

शेवटचा एक अपवाद. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आलेले. तुलना करताना त्यांना 'दॅन' चालत नाही, 'टू' लागतो : 'ही इज सीनियर टू मी'. 'टू'च्या पुढे मी, हिम, हर, देम हीच रूपं. इथे वादाला जागाच नाही.

२०१० पासून गेटच्या पेपरात जनरल ॲप्टिट्यूडचे १५ मार्क आहेत आणि त्यात इंग्रजीही येतं. प्लेसमेंटच्या लेखी परीक्षेतही असे प्रश्न दिसतात. आपल्यापैकी बरेच जण मराठी माध्यमातून आलेले, म्हणून बिचकतात. पण नियमांची घोकंपट्टी लागत नाही. 'दॅन' दिसला की थांबा आणि विचारा : याच्यापुढे काय दडलंय? क्रियापद दडलं असेल तर ते लिहा, नाम दडलं असेल तर 'दॅट', 'दोज' किंवा 'माइन' घाला. मराठीतला 'पेक्षा' बरंच काही पोटात ठेवतो, इंग्रजीत ते बाहेर काढून दाखवावं लागतं. एवढं जमलं तर 'मी' कितीही चकवू दे, तुम्ही चकणार नाही!